माहितगार क्रमांक अकरा

माझ्या नावाआधी आता 'डॉक्टर' लागते. आमच्या कॉलनीत राहायला येणारे नवे लोक दारावरची पाटी वाचून गुडघे दाखवायला येतात. बायको त्यांना दारातच सांगते, "हे तसले डॉक्टर नाहीत. ह्यांचे स्वतःचेच गुडघे गेलेत."

ही पदवी मला त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. विषय होता बहुभाषिक आणि बहुसांस्कृतिक शिक्षण. तीनशे बारा पानांच्या त्या प्रबंधातले पाचवे प्रकरण सगळ्यांना आवडले. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत चष्मा काढून त्याला 'मौलिक' म्हटले. ते खरोखरच मौलिक होते. फक्त माझे नव्हते.

एवढे एक वाक्य लिहायला मला नऊ वर्षे लागली. प्रबंध चार वर्षांत झाला होता.

पाचवे प्रकरण ज्यांचे होते ते गृहस्थ कुंभकोणमला राहतात. प्रबंधात ते एकाच ठिकाणी, परिशिष्टातल्या तक्त्यात सापडतात: 'माहितगार क्रमांक ११, पुरुष, वय ७७, निवृत्त प्राथमिक शिक्षक, घरची भाषा तंजावरी मराठी.' गल्लीतले लोक त्यांना वाद्यार म्हणत. वाद्यार म्हणजे मास्तर. मीही तेच म्हणत असे आणि इथेही तेच म्हणतो. त्यांचे नाव का लिहीत नाही, ते शेवटी येईलच.

मी शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या शाळांत जाऊन हजेरीपटावर सह्या केल्या. निवृत्तीनंतर लोक बाग करतात; मला पीएच.डी. करण्याची हौस आली. माझ्या मार्गदर्शक बाई माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. त्या मला 'सर' म्हणत आणि त्याच दमात रागावत. "सर, हे तुम्ही वाचून लिहिलंय की लिहून वाचलंय?" असे एकदा म्हणाल्या. मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही, पण त्या दिवशी जेवण गेले नाही.

तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठे तंजावरकडे गेले, त्यांच्याबरोबर गेलेल्या घरांत अजून मराठी बोलतात. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, कचेरीत इंग्रजी. त्यांच्या मुलांचे शिक्षण कसे होते ते पाहायला मी निघालो. कुंभकोणमला सात महिने राहायचे ठरले आणि ओळखीतून वाद्यारांच्या घरातली पुढची खोली मिळाली.

दुपारी तीनला पोचलो. घर अरुंद आणि आगगाडीसारखे लांब: रस्त्याकडे ओटा, त्याला तिकडे तिण्णै म्हणतात; मग दिवाणखाना, त्याच्या कडेला देवघर, मग स्वयंपाकघर आणि मागे परसात विहीर. ओट्यावर एक उंच, काटकुळे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. कानामागे तांबडी पेन्सिल होती. मी नमस्कार केला, माझे नाव सांगितले आणि म्हणालो, "जरा पाणी मिळेल का?"

त्यांनी पान उलटले.

मी आवाज चढवून पुन्हा विचारले. मग इंग्रजीत विचारले. ते समोरून जाणाऱ्या गाईकडे पाहत राहिले. बहिरे आहेत असे समजून मी खुणेने अंगठा तोंडाशी नेला, तेव्हा ते थोडे दचकले; बहुधा त्यांना तो दारूचा प्रश्न वाटला असावा.

आतून एका बाईचा आवाज आला, "ऐकूं येतें त्यांस. तुम्ही ओट्यावर उभे आहांत, म्हणून. आंत या."

मी बॅग तशीच टाकून दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेलो. गृहस्थ माझ्या मागोमाग आले. उंबरठा ओलांडला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"या, या, बैसा. पाणी होणें का?" 'होणें' म्हणजे हवे. "केव्हांपासून उभे आहांत. तहान लागली असेल."

असे ते घर होते. ओट्यावर तमिळ. दिवाणखान्यात इंग्रजी. स्वयंपाकघरात मराठी. देवघरात बोलायचेच नाही, कारण देवाची भाषा कोणती हे वाद्यारांचे अजून नक्की झाले नव्हते. विहिरीपाशी ज्याची जी असेल ती. चुकीच्या जागी चुकीची भाषा आली तर वाद्यार रागवत नसत. त्यांना ती ऐकूच येत नसे. मांजराशीसुद्धा ते ओट्यावर तमिळ बोलत आणि तेच मांजर दुधासाठी आत आले की त्याला 'ये गे बाई' म्हणत.

त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणत. अक्का एकट्या हे काही पाळत नसत. दिवाणखान्यात मराठी, ओट्यावर तेलुगू, विहिरीवर तिन्ही एकत्र. आणि वाद्यारांना ते सगळे ऐकू येई. मी एकदा स्वयंपाकघरात बसून त्यांना विचारले, "अक्कांना नियम नाही का?"

"तिला मी शिकवीत नाहीं," ते म्हणाले. "तिचें मीच शिकतों."

"पंचावन्न वर्षें," अक्का पोळपाटावरून म्हणाल्या. "अजून पहिल्या इयत्तेंत आहेत."

रोज चार वाजता दहा-बारा मुले येत. शाळेतून थेट, दप्तरासकट. वाद्यार निवृत्त होऊन एकोणीस वर्षे झाली होती, पण शिकवणे बंद करायचे कोणी त्यांना सांगितले नव्हते. मुले ओट्यावर तमिळमध्ये पाढे म्हणत, मग रांगेने दिवाणखान्यात येऊन तीच गणिते इंग्रजीत करत, मग स्वयंपाकघरात अक्कांकडून काही खायला मिळेपर्यंत मराठीत मागत. ज्यांच्या घरी मराठीचा गंध नाही अशी मुलेही "अक्का, अणखी एक होणें" एवढे अस्खलित म्हणत. उंबरठा आला की मुले मुद्दाम दोन्ही पायांनी उडी मारत. घरात दर पाच मिनिटांनी धप्प आवाज होई.

वाद्यारांच्या कानामागची तांबडी पेन्सिल ही वेगळीच गोष्ट. छापलेला कोणताही कागद तपासल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत. बसचे तिकीट, औषधाची पुडी, देवळाबाहेरच्या उत्सवाचा कागद. आम्ही एकदा पट्टीश्वरमच्या देवळात गेलो, तर दर्शनाच्या रांगेत उभे राहून त्यांनी सूचनाफलकावरच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मागचे पंचवीस लोक थांबवून धरले. लग्नपत्रिका तपासून, शंभरांपैकी मार्क देऊन ते परत पाठवत. एका वधूपित्याला बहात्तर मिळाले तेव्हा तो पेढे घेऊन आला. त्याच्या थोरल्या मुलीच्या वेळी पत्रिका नापास झाली होती.

माझी मराठीही त्यांनी तपासली. मी त्यांना तीनशे वर्षांपूर्वीची जुनी भाषा बोलणारा म्हणून टिपून घेत होतो, आणि ते मला स्वयंपाकघरात समजावत होते, "तुमचें मराठी नवें आहे, राव. कच्चें आहे अजून. मुरेल. आमच्याकडे सात महिने राहा."

तिसऱ्या आठवड्यात माझे पोट बिघडले. सकाळी कळ आली तेव्हा वाद्यार ओट्यावर वर्तमानपत्र तपासत होते. मी त्यांच्यापुढे पोट धरून उभा राहिलो. माझ्या तमिळमध्ये 'पाणी', 'पुरे' आणि 'बस कधी येते' एवढेच होते. तिन्हीचा उपयोग नव्हता. मी कण्हत मराठीत बोलू लागलो. वाद्यारांनी माझ्याकडे पाहिले, वर्तमानपत्राची घडी केली, उठले आणि आत निघून गेले. मला इतका संताप आला की त्या अवस्थेतही मी टिपणवहीत लिहिले, 'माहितगार संवाद टाळतो.' मग परसाकडे धावावे लागले. वाटेत स्वयंपाकघरात ते चुलीपाशी उभेच होते. म्हणाले, "कोठें दुखतें? केव्हांपासून?" योगायोगाने भेटले म्हणून बरे झाले, असे मला वाटले. नऊ दिवस त्यांनी मला ताक-भातावर ठेवले. टिपणवहीतले वाक्य मात्र मी खोडले नाही. ते तसेच, क्रमांक न देता, प्रबंधात छापून आले.

त्याच सुमारास एक सात वर्षांची मुलगी येऊ लागली. रेशीम विणणाऱ्या घरातली, घरी सौराष्ट्री भाषा बोलणारी. ती कोणत्याच खोलीत बोलत नसे. इतर मुले उड्या मारत पुढे जात, ही उंबरठ्यावर उभी. शाळेतही वर्षभर बोलली नाही असे तिची आई म्हणाली. आठवडाभर वाद्यारांनी पाहिले. मग एक दिवस ओट्यावरचा वर्ग मोठ्या मुलींवर सोपवून ते विहिरीच्या काठावर जाऊन बसले. पोरगी दुसऱ्या टोकाला. त्यांनी बादली उचलली आणि भुवया वर केल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली, दोरी, पान, मांजर. तिसऱ्या दिवशी ती हळूच काहीतरी पुटपुटली. वाद्यारांनी तो शब्द म्हणून पाहिला, तो इतका वाईट की तिने मान हलवली. त्यांनी पुन्हा म्हटला, आणखी वाईट. चौथ्या दिवशी तिने कपाळाला हात लावला, दोन्ही पायांनी उडी मारून स्वयंपाकघरात आली आणि अक्कांना तमिळमध्ये, चुकीच्या खोलीत, खणखणीत आवाजात म्हणाली (अर्थ मला अक्कांनी मागाहून सांगितला), "ह्या आजोबांना काहीच येत नाही. मलाच शिकवावं लागणार."

दारात आलेल्या वाद्यारांना ते तमिळ स्वच्छ ऐकू आले.

प्रबंधात हा प्रसंग पृष्ठ दोनशे सहावर आहे. तिथे लिहिले आहे की संशोधकाने विहिरीच्या परिसरात चार दिवस हस्तक्षेप करून मुलीचे मौन दूर केले. संशोधक त्या चारही दिवशी पायरीवर बसून पेरू खात होता. पण ते कार्यपद्धतीच्या प्रकरणात कुठे बसवावे ते सुचले नाही.

मी असे का केले? सहा महिने झाल्यावर मी मार्गदर्शक बाईंना टिपणे पाठवली होती. त्यांचा फोन आला. "सर, साहित्य सुंदर आहे. पण हे सगळं त्या मास्तरांचं आहे. यात तुमचं काय?" त्या सहज म्हणाल्या, पुढे काहीतरी उपायही सांगत होत्या. मी एवढेच ऐकले. साठीच्या माणसाला 'यात तुमचं काय' हा प्रश्न कोणत्याही बाबतीत विचारू नये. मी हिशेब मांडून पाहिला: खोली त्यांची, मुले त्यांची, पद्धत त्यांची, ताकही त्यांचे. माझे म्हणता येईल असे फक्त पोटदुखी होती.

मग मी त्या पद्धतीला एक लांबलचक इंग्रजी नाव दिले. त्याचा अर्थ मराठीत 'उंबरठा ओलांडणे' एवढाच होतो. चौकोन आणि बाण काढून आकृती केली. नाव दिले की वस्तू आपली होते, अशी माझी समजूत झाली.

अडचण एकच होती आणि ती माझ्या पेटीत होती. माहितगाराकडून संमतिपत्र घ्यावे लागते. त्यात छापील कलम असते: 'माझे नाव गोपनीय ठेवण्यास माझी संमती आहे.' इतर सर्वांनी मुकाट्याने सह्या केल्या होत्या. वाद्यारांनी तो कागद अर्थातच तपासला. दोन अनुस्वार दुरुस्त केले, आणि ते कलम तांबड्या पेन्सिलीने आडवे मारून शेजारी लिहिले, 'संमति नाहीं. नांव लिहिणें. पूर्ण लिहिणें.' खाली मोडी, देवनागरी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार लिप्यांत सह्या.

"एवढं कशाला?" मी स्वयंपाकघरात विचारले होते.

त्यांनी अक्कांकडे पाहिले. अक्का म्हणाल्या, "सांगा कीं."

मग त्यांनी सांगितले. नोकरीत असताना एका तपासनिसाने त्यांच्या सेवापुस्तकात शेरा मारला होता: 'मुलांशी अयोग्य भाषांत बोलतो.' त्या शेऱ्यामुळे त्यांना मुख्याध्यापक केले नाही. ते दुःख नव्हते. "पण माझ्या नांवाखालीं तेवढें एकच वाक्य लिहिलेलें आहे, राव. इकडचे म्हणतात, हा मराठी. तिकडचे येतात ते म्हणतात, हें कसलें मराठी. एका कागदावर तरी नांव नीट लागो. तुमच्या देशांतल्या कागदावर लागलें तर अणखी बरें."

मी म्हणालो, "नक्की लागेल." बत्तीस वर्षे मी तपासनीसच होतो, हे त्यांना सांगितले नाही.

ते संमतिपत्र मी बाईंना दाखवले असते तर त्यांनी हसत परवानगी दिली असती. पण मग पाचव्या प्रकरणावर त्यांचे नाव आले असते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी कोरा छापील नमुना घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ते जेवत होते. "वाद्यार, एक प्रत कमी पडली. पुन्हा सही लागेल." त्यांनी डाव्या हाताने कागद धरला, उजवा हात धुतला आणि सही केली. एकच, देवनागरीत. पेन्सिल कानामागून काढलीही नाही. बसचे तिकीट न वाचता खिशात न घालणारा माणूस माझा कागद न वाचता परत जेवायला बसला.

दुसरा कागद विद्यापीठात जमा झाला. पहिला माझ्या कपाटात राहिला. तो फाडायचा असे मी कितीदा तरी ठरवले. चोर म्हणूनही मी मध्यम दर्जाचाच.

पदवी मिळाली. बायकोने बासुंदी केली. कॉलनीत सत्कार झाला. वाद्यारांना प्रत पाठवायचे कबूल केले होते. बांधणी चालू आहे असे मी दीड वर्ष कळवत राहिलो. मला वाटले, वय झाले आहे, विसरतील. पण हल्ली प्रबंध इंटरनेटवर चढवतात हे मी विसरलो. त्यांच्या चेन्नईच्या भाचीने त्यांना तो छापून दिला.

एक दिवस टपालाने जाड पाकीट आले. आत पाचवे प्रकरण, स्पायरल लावलेले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तपासलेले. माझ्या इंग्रजीवर तांबडे मराठी शेरे. कुठेही रागाचा शब्द नाही. विहिरीच्या प्रसंगाशेजारी, 'पेरू गोड होता का?' माझ्या आकृतीभोवती एक मोठे वर्तुळ आणि प्रश्न: 'यांत मास्तर कोठें आहे?' शेवटी शंभरांपैकी एकेचाळीस मार्क आणि शेरा: 'विद्यार्थी हुशार. शेजारच्याच्या पाटीवर पाहून लिहितो.' खाली सही नव्हती. 'क्रमांक ११' एवढेच होते.

मी ते पाकीट बायकोपासून लपवले. अर्थात तिने वाचले. "एकेचाळीस म्हणजे पास केलंय त्यांनी," ती म्हणाली. "मी नसतं केलं."

त्यानंतर दर दिवाळीला त्यांचे कार्ड येत राहिले. प्रकृती, पाऊस, मांजराला झालेली पिले. सही 'क्रमांक ११'. मी उत्तर देत असे, 'आपला नम्र'. आणि दुसरीकडे शिक्षकांच्या प्रशिक्षणात तीच आकृती पडद्यावर दाखवत होतो. 'मास्तर कोठें आहे' हा शेरा मी नाव न लिहिल्याबद्दलचा टोमणा समजत होतो.

गेल्या वर्षी आमच्याच भागातल्या एका शाळेने बोलावले. मुख्याध्यापक उत्साही तरुण. "सर, तुमचाच प्रयोग राबवलाय." प्रत्येक दारावर पाटी: येथे फक्त इंग्रजी, येथे फक्त मराठी. आम्ही पहिलीच्या वर्गाशी आलो. दाराच्या आत एक पोरगी पाय आवळून उभी होती. तांड्यावरची, तिची बोली बंजारा. तिला लघवीला जायचे होते आणि ती खोली इंग्रजीची होती. वर्गाच्या बाई हसून तिला म्हणत होत्या, "से इट, से इट." पोरगी त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग तिच्या पायांखाली ओल पसरली.

मुख्याध्यापक म्हणाले, "सुरुवातीला होतं असं, सर. मग शिकतात."

मी बाईंकडे पाहत होतो. त्या खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. आणि मला एकदम वर्तमानपत्राची घडी करून आत जाणारे वाद्यार दिसले. ते संवाद टाळत नव्हते. मला तमिळ येत नव्हते, म्हणून जिथे मला बोलता येईल तिथे जाऊन ते उभे राहिले होते. विहिरीवरही तेच. मूल अडले की मास्तर उठायचा. माझ्या आकृतीत सगळे बाण मुलांच्या पायांना होते.

म्हणजे मी चोरी केली आणि तीही अर्धीच. जी अर्धी राहिली ती मुख्य होती.

मी विद्यापीठाला पत्र लिहिले की पाचवे प्रकरण अमुक व्यक्तीचे आहे, तशी दुरुस्ती जोडावी. सोबत पहिल्या संमतिपत्राची प्रत. दोन महिन्यांनी उत्तर आले. दप्तरी असलेल्या संमतिपत्रानुसार माहितगाराने नाव गोपनीय ठेवण्यास संमती दिली आहे व त्यावरील तारीख नंतरची आहे. माहितगाराच्या हक्काचे रक्षण करणे विद्यापीठाचे कर्तव्य आहे. बदल हवा असल्यास नवीन संमतिपत्र सादर करावे. इतके चोख उत्तर मी माझ्या नोकरीत कधी दिले नव्हते.

नवा नमुना घेऊन मी कुंभकोणमला गेलो. काय बोलायचे ते गाडीत मराठीत पाठ केले. चुलीसमोर बसायचे, पहिला कागद पुढे ठेवायचा आणि सांगायचे. अक्कांनी दार उघडले. त्या वाकल्या होत्या. "आलांत? दिवाणखान्यांत आहेत. चालवत नाहीं आतां. पडले, तेव्हांपासून खाट तिकडेच घातली आहे."

दिवाणखाना. इंग्रजी.

वाद्यार खाटेवर उशीला टेकून बसले होते, एकोणनव्वद वर्षांचे, चादरीखाली जेमतेम दिसणारे. पेन्सिल कानामागे होती. "गुड आफ्टरनून, डॉक्टर," ते म्हणाले.

मी मराठीत सुरुवात केली. ते खिडकीतून बाहेर पाहू लागले.

अक्का म्हणाल्या, "अहो, पुरे आतां. एवढ्या लांबून आले आहेत." त्यांनी अक्कांकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा खिडकी.

मग मी इंग्रजीत बोललो. ज्या भाषेत मी 'मौलिक' ठरलो होतो तिच्यात माझ्याकडे तीन वाक्ये निघाली. मी चोरी केली आहे. मला खेद आहे. कृपया इथे सही करा. तिन्ही बरोबर होती आणि तिन्हींत काही नव्हते, नोटिशीसारखी. पुढचे येईना. दुसरा कागद, जेवणाचे ताट, ओल्या पायांची पोरगी, हे माझ्या इंग्रजीत कुठे ठेवलेलेच नव्हते. बहात्तर वर्षांचा मी खाटेपाशी उभा होतो, पाय आवळून म्हटले तरी चालेल.

वाद्यारांनी खिडकीकडची मान वळवली. माझ्याकडे पाहिले. मग चादर बाजूला केली आणि काठीसाठी हात पुढे केला.

"कशास?" अक्का घाबरून म्हणाल्या. "डॉक्टरांनी सांगितलें आहे, उठायचें नाहीं. खरे डॉक्टर."

त्यांनी ऐकले नाही. एक हात काठीवर, दुसरा माझ्या खांद्यावर. खाटेपासून स्वयंपाकघर अकरा-बारा पावले असेल. मोजावे असे मला सुचले नाही. दर दोन पावलांना ते थांबत आणि भिंतीला टेकत. उंबरठ्याशी त्यांनी पाय उचलला, तो पोचला नाही. पुन्हा उचलला. अक्कांनी पदर तोंडाला लावला होता. तिसऱ्या वेळी पाय पलीकडे पडला.

ते चुलीसमोरच्या स्टुलावर बसले, दम घेतला आणि म्हणाले, "आतां सांगा."

मी सगळे सांगितले. पेरूसुद्धा. शाळेतल्या पोरीचे सांगताना त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या कागदाचे सांगितले तेव्हा म्हणाले, "तो मी वाचला नाहीं. आपल्या घरीं जेवणाऱ्याचा कागद कोण वाचतो?"

मी नवा नमुना पुढे ठेवला. नाव प्रसिद्ध करावे, होय किंवा नाही. त्यांनी पेन्सिल काढली, कागद वरपासून खालपर्यंत तपासला, एक चूक सापडल्यावर थोडे बरे वाटले त्यांना. मग 'नाही'वर खूण केली.

"वाद्यार, तुम्हीच म्हणाला होता..."

"तेव्हां होणें होतें. तो शेरा मारणारा होता तेव्हां, त्याला दाखवायचें होतें. तो गेला. अकरा नंबर आतां अंगवळणी पडला." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "नांव राहूं द्या. तुमच्या चित्रांत मास्तर नाहीं, तो घाला. अकरा नंबरचा माणूस उठला, हें लिहा."

ही क्षमा होती की शिक्षा, मला अजून कळलेले नाही. मी अक्कांना विचारले. त्या कॉफी गाळत होत्या. म्हणाल्या, "मलाही पंचावन्न वर्षें कळलें नव्हतें. आतां विचारीत नाहीं."

त्या शाळेतल्या पाट्या मी स्वतः जाऊन उतरवल्या. मुख्याध्यापक नाराज झाले. त्यांना वाटले, डॉक्टरांचे वय झाले. विद्यापीठ नवे संमतिपत्र पाहून समाधानी आहे, दोन्ही कागद आता जुळतात. प्रबंध आहे तसाच राहील, माझ्या नावावर.

म्हणून हे इथे लिहून ठेवतो. कुंभकोणमच्या एका घरात, डॉक्टरांनी मनाई केलेली असताना, अकरा नंबरचा माणूस उठला आणि मला बोलता यावे म्हणून आतल्या खोलीत गेला.